टाचणी राहू द्या, वही काढा
पावसाळा ओसरला की फुलपाखरं दिसू लागतात आणि कुणाच्या तरी घरात मुलांसाठी जाळं शिवायचा बेत ठरतो. मग खोक्यात थर्माकोल, टाचण्या, कोपऱ्यात डांबरगोळ्या. हा उद्योग करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बऱ्याच फुलपाखरांना संरक्षण आहे, आणि समोरून उडालेलं त्यातलं आहे की नाही हे नवख्याला कळत नाही. शिवाय आपल्या दमट हवेत घरगुती संग्रह टिकतो कुठे? आधी बुरशी धरते, उरलंसुरलं किडे फस्त करतात.

संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांची गोष्ट वेगळी. तिथे अभ्यासक रंगांइतकीच टाचणीखालची चिठ्ठी बघतो: कुठे सापडलं, कोणत्या तारखेला. चिठ्ठी हरवली की नमुना शोभेचा. ही चिठ्ठी जीव न घेताही वहीत लिहिता येते.

कुंडीतला कढीपत्ता निरखून बघा. कोवळ्या पानावर पिवळसर अंडं, नाहीतर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी सापडेल. कॉमन मॉर्मन या फुलपाखराची असण्याचा संभव बराच. मोठी झाली की ती हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून तांबडं दुभंगलेलं शिंग काढते आणि उग्र वास सोडते. तिला डहाळीसकट बरणीत ठेवा, तोंडाला मलमलीचं फडकं बांधा. रोज ताजी पानं द्या, लेंड्या झाडून टाका. मंडईतला कढीपत्ता मुळीच नको. त्यावर फवारणी झालेली असली तर अळी दगावते. एक उभी काडी ठेवा, कोषाला आधार लागतो. फुलपाखरू बाहेर आलं की पंख वाळेपर्यंत हात लावू नका, मग सोडून द्या. कधी कोषातून फुलपाखराऐवजी चिमुकल्या गांधीलमाश्याच निघतात. हळहळ वाटेल, पण तेही लिहा. माझ्या मते ती नोंद जास्त मोलाची.

या कॉमन मॉर्मनची मादी तीन रूपांत येते. एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोझची आणि तिसरी क्रिमझन रोझची नक्कल, कारण त्या दोन फुलपाखरांना पक्षी सहसा तोंड लावत नाहीत. जाळंवाला या तिघींना तीन जातींची फुलपाखरं म्हणून टाचेल. अळीपासून वाढवणाऱ्याला मात्र त्या एकाच कढीपत्त्यावरून निघालेल्या दिसू शकतात.

फोटो आयनॅचरॅलिस्ट या संकेतस्थळावर टाकलात तर ओळख पटवायला जाणकार मदत करतात. गावाचं आणि झाडाचं नाव तेवढं नीट लिहा; नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहून कुणाला उपयोग नाही.