बाबांचे गॅरेज : थांबवावे की सावरावे?



या पंधरवड्यात आलेल्या एका पत्राविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळ राहणाऱ्या एका मराठी भगिनीचे हे पत्र. त्यांचे वडील ७२ वर्षांचे. तरुणपणी ते महाराष्ट्रातून तिकडे गेले आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी कारखान्यात यंत्रांवर काम केले. गतवर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तेव्हापासून सकाळचा चहा झाला की ते घरालगतच्या गॅरेजमध्ये जातात आणि दिवेलागणीपर्यंत तेथेच असतात. तेथे एमजीबी नावाची जुनी दोन आसनी स्पोर्ट्‌स कार त्यांनी पूर्ण सुटी करून ठेवली आहे. तिला मोठे इंजिन, पाच गतींचा गिअरबॉक्स आणि नवे ब्रेक बसवून ती पुन्हा उभी करावयाची, असा त्यांचा संकल्प आहे. मागील महिन्यात कन्या गॅरेजमध्ये डोकावली, तेव्हा गाडी केवळ एका जॅकवर उचललेली होती आणि वडील तिच्याखाली झोपून काम करीत होते. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या त्यांना चालू आहेत. भगिनींनी विचारले आहे, "गाडी विकून टाकू का?"

उत्तर देण्यापूर्वी ही गाडी काय आहे ते समजून घेऊ. एमजीबी ऑक्सफर्डजवळच्याच ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात. १९८८ पासून तर तिचा संपूर्ण पत्र्याचा सांगाडाही मूळ साच्यांवर नव्याने बनविला जाऊ लागला. तिचे मूळ इंजिन बिडाचे, १७९८ सीसीचे. घरी गाडी बांधणारे हौशी लोक त्या जागी रोव्हरचे ३५२८ सीसीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवितात. ते ॲल्युमिनियमचे असल्याने त्याचे वजन जुन्या इंजिनाएवढेच भरते. खुद्द कारखान्यानेही १९७३ ते १९७६ या काळात अशी गाडी विकली होती. सारांश, या गृहस्थांचा संकल्प हा भ्रम नव्हे. अनेकांनी पायाखाली घातलेली ती वाट आहे.

आता मूळ प्रश्न. आमचे मत स्पष्ट आहे : गाडी विकू नये. जोडीदार गेल्यावर दिवसाला आकार राहत नाही. या गृहस्थांना सकाळी उठण्याचे कारण, हाताला ओळखीचे काम आणि उद्या काय करावयाचे याचे उत्तर गॅरेजने दिले आहे. ते काढून घेतले, तर त्याच्या जागी काय ठेवणार? परंतु जॅकवरच्या गाडीखाली झोपणे हे धैर्य नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. कन्येने लढाई गाडीशी करू नये, गॅरेजमधील धोक्यांशी करावी. ते धोके कोणते आणि त्यांवर उपाय काय, हे क्रमाने पाहू.

पहिला धोका वजनाचा. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली गाडी धरून ठेवण्यासाठी नव्हे. गाडी उचलल्यावर ती भक्कम, सपाट जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी घोड्यांवर टेकवावी, हाताने हलवून पाहावी आणि मगच कोणी खाली जावे. इंजिन काढताना व बसविताना साखळीचा उचलयंत्री दांडा भाड्याने आणावा आणि त्या दिवशी दुसरे माणूस हजर असल्यावाचून कामास हात लावू नये.

दुसरा धोका हवेचा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू केल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास रंग नाही, वास नाही. डोके जड होणे आणि मळमळणे ही सूचना मिळते न मिळते तोच माणूस बेशुद्ध पडू शकतो. इंजिन सुरू करावयाचे तर गाडी बाहेर काढावी. नुसते दार उघडणे पुरेसे नाही. इंग्लंडच्या थंडीत गॅरेजमध्ये रॉकेल किंवा गॅसची शेगडी पेटविण्याचा मोह होतो. तोही हाच वायू निर्माण करतो, शिवाय पेट्रोलच्या वाफा जवळ असतात. त्यापेक्षा ऊबदार कपडे घालावेत आणि कडाक्याच्या थंडीत काम थोडा वेळच करावे. वायूची सूचना देणारे छोटे यंत्र भिंतीवर लावून घ्यावे.

तिसरा धोका धुळीचा आणि रंगाचा. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. म्हणून जुने ड्रम उघडताना आतली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या नळीने कदापि उडवू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. हे एक काम जाणकार कारागिराकडे सोपविणे उत्तम. रंगाचेही तसेच. गाड्यांना मारतात त्या दोन घटकांच्या रंगात आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि साध्या मास्कने त्यापासून संरक्षण मिळत नाही. रंगकाम बाहेर करून घेतल्याने गाडी बांधणाऱ्याचा मान कमी होत नाही.

चौथा धोका औषधांचा. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असता पत्र्याची एक धारही बराच रक्तस्राव घडविते. जाड हातमोजे आणि प्रथमोपचाराची पेटी हाताशी हवी. डोक्याला मार लागल्यास, वरून काही दिसत नसले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे वाकून वा झोपून एकदम उठताना चक्कर येते. म्हणून शक्य ते काम टेबलावर, बसून करावे. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, त्यांनी वेल्डिंगपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि चालू इंजिनाच्या इग्निशनवर ओणवे होऊ नये.

पाचवी गोष्ट धोक्याची नव्हे, निरीक्षणाची. या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. दारांखालचे पोकळ भाग, ज्यांना सिल म्हणतात, ते गंजतात. ते कापण्यापूर्वी सांगाड्याला आधार दिला नाही, तर तो वाकतो आणि मग दारे बसत नाहीत. कामाचा असा क्रम जन्मभर यंत्रांत घालविलेला माणूस सहसा चुकत नाही. तो वारंवार चुकू लागला, बसविलेला भाग पुन्हापुन्हा काढू लागला, ओळखीच्या अवजाराचे नाव आठवेनासे झाले, तर स्मृतीची तपासणी करून घ्यावी. तसेच जेवण विसरणे, गॅरेजमध्ये नुसते बसून राहणे, कामात मन नसणे ही दुःख आत साचल्याची खूण असू शकते. तेव्हा डॉक्टरांशी बोलण्यास विलंब लावू नये.

नियमांचेही भान असावे. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, परंतु गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठे बदल झाले असल्यास ती लागू नाही. सूट असो वा नसो, अशी गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी तपासून घ्यावीच. वाहन चालविण्याचा परवाना तेथे ७० व्या वर्षी आणि नंतर दर ३ वर्षांनी नूतन करावा लागतो. २० मीटरवरची क्रमांकपट्टी वाचता आली पाहिजे. डोळ्यांची तपासणी गाडी पूर्ण होण्याची वाट न पाहता आताच करावी. आपल्याकडील वाचकांनी मात्र ध्यानात ठेवावे, की भारतात नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करण्यास कायद्याची मुभा नाही.

आणि एक सुचवावेसे वाटते. गाडीत बदल होतच आहेत, तर ते गाडी वापरणाऱ्याच्या वयाला अनुसरून का होऊ नयेत? या गाडीचे स्टिअरिंग हलके करणारी विजेवर चालणारी सामग्री मिळते. ब्रेकला सर्व्होची जोड देता येते. आसन थोडे उंच व पाठीला आधार देणारे बसविता येते. दुखऱ्या खांद्याला आणि गुडघ्याला काय हवे, हे वडिलांना विचारावे. वेगाइतकीच सोय हाही कौशल्याचा विषय आहे, हे कसबी माणसाला लगेच पटते.

शेवटी कन्येने काय करावे? कारागिरांची एक जुनी रीत आहे. नट योग्य ताकदीने आवळला, की त्यावर रंगाचा एक ठिपका द्यावयाचा. ठिपका नाही, तो नट तपासलेला नाही. वडिलांनी दिवसभर काम करावे, खिशात फोन ठेवावा. सायंकाळी कन्येने टॉर्च व वही घेऊन गॅरेजमध्ये जावे, त्या दिवशीचा प्रत्येक नट त्यांच्याकडून दाखवून घ्यावा, ठिपका स्वतः द्यावा आणि वहीत नोंद करावी. यात पहारा नाही, सहभाग आहे. आईविषयी समोरासमोर बसून जे बोलणे जमत नसेल, ते कदाचित तेथे, दोघांची नजर एकाच नटावर असताना, सहज निघेल.

आपल्या घरी मोटार नसेल. आजोबांचा जुना रेडिओ असेल, आजीचे शिलाईयंत्र असेल, गच्चीवरची कुंड्यांची बाग असेल. इजा होईल या भीतीने ते बंद करण्याआधी आपण एकदा त्या जागी जाऊन बसावे. उजेड पुरेसा आहे का, स्टूल डळमळते का, वायर उघडी आहे का, हे पाहावे. जे दुरुस्त करता येईल ते दुरुस्त करावे, आणि काम त्यांच्या हाती राहू द्यावे.