राहते घर विकण्यापूर्वी

गेल्या महिन्यात सत्तरीच्या एक काकू फायलींची पिशवी घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांच्या बेचाळीस वर्षांच्या मुलाला लहानपणापासून अपस्मार आहे. तीन औषधे चालू असूनही फिट्स थांबत नाहीत. ‘‘डॉक्टर, भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, मानेत यंत्र बसवून घेऊ, कायमचा बरा होईल. माझ्यामागे याचं कोण करणार? घर विकून टाकू का?’’

हे यंत्र छातीच्या डाव्या बाजूला, गळ्याजवळच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसवतात. त्यातून निघणारी तार मानेतील डाव्या ‘व्हेगस’ मज्जातंतूला ठरावीक अंतराने सौम्य विद्युतस्पंदने देते. अमेरिकेत या उपचारास १९९७ साली मान्यता मिळाली. मात्र ‘कायमचा बरा’ हे शब्द त्याला लागू पडत नाहीत. सुमारे निम्म्या रुग्णांत फिट्सचे प्रमाण निम्म्याने किंवा अधिक घटते, तेही कित्येक महिन्यांनी. फिट्स पूर्ण थांबणारे थोडेच. गोळ्या बहुधा चालूच राहतात.

शिवाय शस्त्रक्रिया हा उपचाराचा केवळ आरंभ असतो. स्पंदने साधारण दोन आठवड्यांनी सुरू करून पुढे काही महिने टप्प्याटप्प्याने वाढवतात. आवाज घोगरा झाला, खोकला सुटला, तर प्रमाण पुन्हा बदलावे लागते. काही वर्षांनी बॅटरी संपते. एम.आर.आय. करण्यापूर्वी यंत्राची माहिती द्यावी लागते, आणि डायाथर्मीचा शेक तर वर्ज्यच. भाच्याच्या घरून परतल्यावर हे सारे कोण पाहणार? तेच यंत्र हाताळणारा तज्ज्ञ आपल्याकडे कोठे आहे, हे तिकिटाआधी ठरायला हवे.

मुळात ही शस्त्रक्रिया भारतातही होते. तिरुअनंतपुरमची श्रीचित्रा संस्था, दिल्लीचे एम्स येथे अपस्मारासाठी स्वतंत्र विभाग आहेत. तेथे आधी व्हिडिओ ई.ई.जी. आणि एम.आर.आय. करून फिट मेंदूच्या कोणत्या भागातून उद्भवते ते शोधतात. तो भाग सुरक्षितपणे काढता येण्याजोगा असेल, तर फिट्स थांबण्याची शक्यता यंत्रापेक्षा पुष्कळ अधिक असते. काकूंच्या फायलीत व्हिडिओ ई.ई.जी. नव्हताच! वीस वर्षे औषधे बदलली गेली, हा तपास कोणी सुचवला नाही. त्यात मीही आलो.

प्रवास देशातला असो वा परदेशातला, गोळ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. घड्याळ बदलले तरी दोन मात्रांमधील तास सांभाळावेत. जागरण टाळावे, अपुऱ्या झोपेने फिट येऊ शकते.

काकूंनी घराचे कागदही सोबत आणले होते. ते पुन्हा पिशवीत गेले. पुढच्या महिन्यात मायलेक तिरुअनंतपुरमला निघत आहेत, रेल्वेने.