ज्ञानदानाचे एक उदाहरण



आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी ज्ञानदानाचे फळ सर्वांत उशिरा दिसते. रशियन गणितज्ञ ओल्गा लादिझेन्स्काया यांची जडणघडण याची साक्ष देते.

त्यांचा जन्म १९२२ साली कोलोग्रिव या लहान गावी झाला. गणिताची गोडी शिक्षक असलेल्या वडिलांनीच लावली. १९३७ मध्ये स्तालिनच्या राजवटीने वडिलांना अटक करून ठार केले. दोन वर्षांनी ओल्गांनी शाळा पूर्ण केली. परंतु ‘लोकशत्रू’ ठरविलेल्या पित्याची कन्या म्हणून लेनिनग्राड विद्यापीठाची दारे त्यांना बंद झाली. पुढे युद्ध पेटले. गावी परतून त्या वडिलांच्याच शाळेत गणित शिकवू लागल्या. तेथील एका विद्यार्थ्याच्या आईने खटपट केली आणि १९४३ मध्ये त्यांना मॉस्को विद्यापीठात प्रवेश मिळाला. १९४७ मध्ये त्या पदवीधर झाल्या. डॉक्टरेटच्या प्रबंधाला मात्र स्तालिनच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत, थांबावे लागले.

त्यांच्या संशोधनाचा विषय होता द्रव पदार्थांचा प्रवाह. पाणी, हवा यांची गती एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या नाव्हिए-स्टोक्स समीकरणांनी वर्णिली जाते. हवामानाचा अंदाज आणि विमानाची रचना यांना त्यांचाच आधार असतो. परंतु या समीकरणांना प्रत्येक वेळी, सर्व काळासाठी, एकच निश्चित उत्तर असते काय? द्विमितीय प्रवाह सीमांनी बंदिस्त असला तरी असे उत्तर असते, हे लादिझेन्स्काया यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केले. त्रिमितीय प्रवाहाचा प्रश्न आजही अनिर्णित आहे. त्याच्या उकलीसाठी अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले.

शुद्ध गणित शिकू इच्छिणाऱ्या मुलीला आपण प्रथम विचारतो, “याचा उपयोग काय? नोकरी कोठे मिळेल?” बँकेत आयुष्य घालविल्याने परताव्याचा हिशेब मला परका नाही. कर्जाला तो हवाच, दानाला नको. १९४३ साली त्या मातेने शब्द टाकला, तेव्हा तिला कोणता परतावा दिसत होता? समोर होती केवळ शिकण्याची तळमळ. आपल्या शिष्यवृत्ती-समित्यांनी अर्ज तपासताना एवढी एक पात्रता पुरेशी मानावी, ही नम्र विनंती.