फोटो दिसला, गहू दिसला नाही

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड ही गावे देशभर गाजली. माणसांचे केस झडत होते. ‘टक्कल व्हायरस’ असे मथळे आले. विषाणू मात्र कोणालाच सापडला नव्हता. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. आम्ही वर्गात विचारले, तेव्हा टक्कल सर्वांना ठाऊक होते, सेलेनियम एकालाही नाही.

टकलाचा फोटो क्षणात मिळतो. गव्हाचे पोते कुठून आले, कोणी तपासले, हे शोधायला दिवस लागतात. म्हणून भीती आधी पोहोचते, कारण मागे राहते. बातमी वाचून झाली की घरात मुलांना एवढे जरूर विचारा: “कशामुळे?” रेशनचा गहू आपल्याही ताटात येतो.