बालाकची गैरहजेरी आणि पंडितांचे कोलांटउडीशास्त्र

१५ मे २०१० रोजी एफए कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीच्या मायकेल बालाकचा घोटा जायबंदी झाला आणि जर्मनीत रडारड सुरू झाली. ३३ वर्षांचा कर्णधारच नाही, मग दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात काय होणार? झाले उलटेच. या संघाने इंग्लंडला ४-१, अर्जेंटिनाला ४-० असे लोळवले. लगेच पंडित म्हणू लागले, बालाक नव्हता तेच बरे झाले!

हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. पुराव्यावर तो टिकत नाही. २००९ साली २१ वर्षांखालील युरोपीय स्पर्धा जर्मनीने जिंकली, तेव्हा कर्णधार होता सामी खेदिरा. बालाकची जागा त्यानेच घेतली. ओझिल, नॉयर, जेरोम बोआटेंग त्याच संघातले. (बालाकला पाडणारा केव्हिन-प्रिन्स हा याच जेरोमचा सावत्र भाऊ!) म्हणजे दुसरी फळी आधीच तयार होती. ती नसती तर बालाकबरोबर संघही लंगडला असता.

उपांत्य फेरीत स्पेनकडून ०-१ हार झाली. त्या दिवशी खरी उणीव भासली ती निलंबित थॉमस म्युलरची. त्याचे वय होते अवघे २०.

आमचा आक्षेप वेगळाच आहे. स्पर्धा चालू असतानाच हंगामी कर्णधार फिलिप लामने आपण होऊन पद सोडणार नाही, असे सांगून टाकले. ९८ सामने खेळलेल्या बालाकला पुन्हा संघात घेतलेच नाही. २०११ मध्ये ब्राझीलविरुद्ध निरोपाचा सामना तेवढा देऊ केला. बालाकने तो नाकारला. योग्यच केले.