लाजेपायी ट्यूब नको

मैत्रिणींनो, संबंधानंतर खाज सुटणे, जळजळ होणे, पुरळ येणे हे आपण कुणाला सांगत नाही. मेडिकलमधून गुपचूप ट्यूब मागवतो. पाळी गेल्यावर मीही इथे मेहकरात वर्षभर तेच केले. शेवटी डॉक्टरीणबाईंना दाखवले, तेव्हा कळले की दुखणे कोरडेपणाचे होते आणि सुगंधी साबणाने ते वाढत होते.

अशा कितीतरी ट्यूबांत स्टेरॉइड असते. खाज थांबते, पण गजकर्ण असेल तर ते पसरत राहते, कातडी पातळ होते. म्हणूनच २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची १४ क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

कारण प्रत्येकीचे वेगळे असते: बुरशी, वाढलेली साखर, निरोधच्या रबराची अ‍ॅलर्जी. संसर्ग असेल तर नवऱ्यालाही दाखवावे लागते. नाहीतर एकीने औषध घ्यायचे आणि दुखणे पुन्हा घरातूनच परत यायचे.

र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून असे विषय उघडपणे मांडले. आपण अजून कुजबुजतोच. मी बी.कॉम. झालेली बाई, लपवलेली बाकी व्याजासकट वाढते, एवढे मला पक्के ठाऊक आहे. सुनांना, लेकींना आपणच सांगू या: लाजू नका, आधी दाखवा.