वैश्विक किरणांचा झुकता कौल

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि कुलाब्यातील चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभी राहिली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ती आजही ठेवते.

अवकाशातून येणारे वैश्विक किरण हे विद्युतभारित कण असतात. पृथ्वीचे आणि ताऱ्यांदरम्यानचे चुंबकीय क्षेत्र त्यांची वाट वाकवते. उगमाची दिशा अशी पुसली गेल्यावर ते सगळीकडून सारखेच यायला हवेत. तसे होत नाही.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटीतील ‘ग्रेप्स-३’ प्रयोगात चार वर्षांतील सुमारे ३७० कोटी नोंदी तपासल्या गेल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आकाशाच्या दोन भागांतून किरण किंचित जास्त येतात. फरक दहा हजारांत पाच-सहाचा. त्याहून लाखो पट ऊर्जेच्या कणांत अर्जेंटिनातील पिअर ऑजर वेधशाळेला २०१७ मध्ये सहा टक्क्यांहून अधिक झुकाव आढळला. तो आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडे नाही. म्हणजे हे कण आकाशगंगेबाहेरचे असावेत. त्यांचा नेमका उगम अजून सापडायचा आहे.

एवढा बारीक फरक वर्षानुवर्षे न थकता मोजणाऱ्यांनाच दिसतो. अशा प्रयोगांना निधी देताना एका वर्षाचा हिशेब पुरत नाही. अलिबागची शंभराहून अधिक वर्षे हेच सांगतात.